तीन सॉकेट आणि पाच जोड्या: घरगुती प्रीअँप्लिफायरसाठी जुने व्हॉल्व्ह निवडण्याचे एक प्रकरण

माझ्या एका स्नेह्यांकडे तीन व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, एक प्रीअँप्लिफायर (मुख्य अँप्लिफायरच्या आधी संकेत वाढवणारे यंत्र) आहे. रेकॉर्ड ऐकणे हा त्यांचा रोजचा परिपाठ आहे आणि हे यंत्र ते जिवापाड जपतात. एक दिवस ते यंत्र आणि सोबत एक खोका घेऊन माझ्याकडे आले. खोक्यात कापसात गुंडाळलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या चार जोड्या आणि ईसीसी८२ या प्रकारचे दोन सुटे व्हॉल्व्ह होते. यंत्रातून फुसफुस येते, डावीकडे मधूनच खरखर होते आणि आवाजाला पूर्वीचा मऊपणा राहिलेला नाही, अशी त्यांची तक्रार होती. "यांतली सर्वांत चांगली जोडी कोणती, ते तुम्ही ऐकून सांगा, म्हणजे ती बसवून टाकू," असे त्यांचे म्हणणे पडले. मला मात्र ऐकण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी असे वाटत होते. सॉकेट काय मागते हे ठरल्याशिवाय त्यात काय बसवावे हे ठरत नाही, आणि हातातला व्हॉल्व्ह धडधाकट आहे की नाही हे पाहिल्याशिवाय त्याच्या नावाला अर्थ येत नाही. या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकाच यंत्रात पाहायला मिळाल्या, म्हणून ते सविस्तर नोंदवीत आहे.

यंत्राची रचना

पहिली दोन सॉकेटे फोनो विभागाची, म्हणजे टर्नटेबलचा संकेत घेणाऱ्या भागाची, आहेत. डाव्या आणि उजव्या वाहिनीला प्रत्येकी एक ईसीसी८३ आहे. या व्हॉल्व्हच्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात (तापलेल्या कॅथोडकडून ॲनोडकडे वाहणारा प्रवाह मधल्या ग्रिडने आवरणारी रचना म्हणजे ट्रायोड); पहिला कार्ट्रिजकडून, म्हणजे टर्नटेबलच्या सुईच्या डबीकडून, येणारा काही मिलिव्होल्टचा संकेत वाढवतो, त्यानंतर आरआयएए दुरुस्तीचे (रेकॉर्ड कोरताना मुद्दाम घटवलेला खर्ज आणि वाढवलेले तीव्र स्वर पूर्ववत करणारे) रेझिस्टर-कपॅसिटरचे जाळे येते आणि त्यात घटलेला संकेत दुसरा ट्रायोड पुन्हा वाढवतो. तिसरे सॉकेट लाइन विभागाचे, म्हणजे फोनोनंतरच्या शेवटच्या वर्धनाचे, आहे आणि तिथे एकाच व्हॉल्व्हचा एक ट्रायोड डावीकडे, दुसरा उजवीकडे काम करतो. उच्च दाबाचा पुरवठा २५० व्होल्टचा असून हीटरसाठी (कॅथोड तापवणाऱ्या तारेसाठी) ६.३ व्होल्ट डीसी देणारा, १ अँपिअरपर्यंत झेपणारा रेग्युलेटर आहे. पुढचा पॉवर अँप्लिफायर ट्रान्झिस्टरचा आहे आणि त्याचा इनपुट रोध २२ किलोओहम आहे. हे दोन शेवटचे आकडे सुरुवातीला किरकोळ वाटले, पण निवडीतले दोन निर्णय त्यांच्यावरच फिरले.

ईसीसी८३ आणि अमेरिकी नामकरणातला १२एएक्स७ हे एकच होत. आरसीएने १२एएक्स७ हा १९४७ मध्ये बाजारात आणला. युरोपीय नाव वाचायला सोपे आहे: 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, दोन 'सी' म्हणजे दोन ट्रायोड आणि ८ ने सुरू होणारा आकडा म्हणजे नऊ पिनांचा नोव्हाल तळ. याच घरातले ईसीसी८१, ८२ आणि ८३ एकाच सॉकेटात बसतात, पिनांची मांडणी तीच असते आणि हीटरची भूकही तीच, म्हणजे ६.३ व्होल्टला ३०० मिलिअँपिअर. पण त्यांचे वर्धन गुणांक अनुक्रमे सुमारे ६०, १७ ते २० आणि १०० आहेत, आणि अंतर्गत रोध तर त्याहूनही वेगळे. सॉकेटात बसतो तो चालतो, ही समजूत इथूनच निघते आणि या प्रकरणातली अर्धी गुंतागुंत तिनेच केली होती.

पहिली तपासणी

खरखर डावीकडे होती. यंत्र बंद करून, व्हॉल्व्ह निवू देऊन आणि पुरवठ्याचे कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करून मी फोनो विभागातले दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी लावले. (२५० व्होल्ट जीवघेणे असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर तो दाब काही काळ धरून ठेवतात, हे पथ्य कितीही वेळा सांगितले तरी कमीच.) पुन्हा सुरू केल्यावर खरखर उजवीकडे गेली. म्हणजे दोष व्हॉल्व्हबरोबर फिरत होता. सॉकेट, रेझिस्टर आणि जोडण्या निर्दोष होत्या. तरीही व्हॉल्व्ह बाद ठरवण्याआधी त्याच्या पिना पाहिल्या. वर्षानुवर्षे हवेत राहिलेल्या पिनांवर करडा थर चढतो आणि तोही अगदी अशीच खरखर देतो. पिना हलक्या हाताने पुसून पाहिल्या, पण फरक पडला नाही. पिन वाकवून सरळ करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तळाच्या काचेला पिनेच्या मुळाशी बारीक तडा गेला की आत हवा शिरते आणि चंदेरी गेटरचा, म्हणजे आत उरलेली हवा शोषणाऱ्या लेपाचा, डाग पांढरा पडतो. तसा डाग दिसला की पुढे मोजण्यासारखे काही उरत नाही. आमच्या सर्व व्हॉल्व्हचे डाग चंदेरी होते.

फुसफुस मात्र दोन्ही वाहिन्यांत होती आणि व्हॉल्व्हची अदलाबदल केल्याने ती हलली नाही. फोनोचे इनपुट शॉर्ट केले तेव्हा ती किंचित घटली. आवाजाचा खटका (व्हॉल्यूम) पूर्ण खाली केला तेव्हाही ती थोडी शिल्लक राहिली. खटक्याच्या पुढे फक्त लाइन विभाग उरतो, म्हणून मी तिसऱ्या सॉकेटाकडे वळलो.

तिसरे सॉकेट

तिथे एका नामांकित जुन्या छापाचा ईसीसी८३ लावलेला होता. यंत्राच्या आत सॉकेटाशेजारी ईसीसी८२ असे छापलेले आहे. "तो जास्त चांगल्या प्रतीचा आहे असं कळलं, शिवाय आवाज लगेच भरदार झाला," असे स्नेही म्हणाले. आवाज वाढला हे खरेच होते आणि वाढलेला आवाज कानाला नेहमी सरस वाटतो, त्यामुळे त्यांची चूक झाली असे मी म्हणणार नाही. पण आकडे काय सांगतात ते पाहण्यासारखे आहे.

या विभागात ॲनोडला ४७ किलोओहमचा आणि कॅथोडला दीड किलोओहमचा रेझिस्टर आहे. ईसीसी८२ बसवला तर कॅथोडवर सुमारे ४.२ व्होल्ट येतात, म्हणजे २.८ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तेव्हा त्याचा अंतर्गत रोध साधारण १२ किलोओहम, वर्धन १४ पट आणि आउटपुट रोध ९ ते १० किलोओहम असतो. त्याच जागी ईसीसी८३ बसवला की कॅथोडवर जेमतेम दीड व्होल्ट उरतात, प्रवाह १ मिलिअँपिअरवर येतो, अंतर्गत रोध ६० किलोओहमच्या वर जातो आणि आउटपुट रोध २७ किलोओहमच्या आसपास पोहोचतो. मोकळ्या अवस्थेत वर्धन ४० पटींच्या वर दिसते खरे, पण पुढे २२ किलोओहमचा पॉवर अँप्लिफायर जोडला की त्यातले निम्म्याहून जास्त व्हॉल्व्हच्या स्वतःच्या रोधातच जिरते. एवढा व्याप करून हाती लागते ती जेमतेम दुप्पट वाढ.

त्या वाढीची किंमत तीन प्रकारे मोजावी लागत होती. लाइन विभागाचा स्वतःचा कुजबुजता आवाज त्याच पटीत पुढे जात होता. हीच ती न हलणारी फुसफुस. दुसरे असे की, व्हॉल्व्हला संकेतासाठी मिळणारा एकूण भार म्हणजे ४७ आणि २२ किलोओहम समांतर, अर्थात सुमारे १५ किलोओहम. बारा किलोओहमच्या ट्रायोडला तो चालून जातो, पण साठच्या वर अंतर्गत रोध असलेल्या ट्रायोडला तो फारच जड आहे आणि त्यातून विकृती वाढते. स्नेह्यांना हरवलेला वाटणारा मऊपणा इथेच हरवला होता, अशी माझी खात्री आहे. तिसरी गोष्ट अधिक साधी. वर्धन जास्त झाल्याने आवाजाचा खटका कायम तळाशी ठेवावा लागत होता, आणि दुहेरी पोटेन्शिओमीटरच्या अगदी खालच्या टप्प्यात दोन्ही बाजू क्वचितच सारख्या चालतात. हळू आवाजात गायक उजवीकडे सरकतो, अशी एक जुनी तक्रार त्यांनी जाता जाता सांगितली होती. तिचे मूळही हेच निघाले.

खोक्यातले दोन्ही ईसीसी८२ एकेक करून लावले. इथे दोन ट्रायोड दोन वाहिन्या सांभाळतात, म्हणून त्यांचे एकमेकांशी जुळणे हीच मुख्य कसोटी होती. एक किलोहर्ट्झचा स्वर देऊन दोन्ही आउटपुट मोजले. पहिल्या व्हॉल्व्हमध्ये दोन वाहिन्यांत १.४ डेसिबलचा फरक होता, दुसऱ्यात ०.३ चा. पहिला छापाने अधिक प्रतिष्ठित होता, पण दुसरा बसवला आणि तिसऱ्या सॉकेटाचा प्रश्न तिथेच मिटला. खटका मधल्या टप्प्यावर आला आणि फुसफुस बरीच खाली गेली.

नाव, काच आणि खूण

आता फोनो विभागासाठी चार जोड्या उरल्या होत्या, शिवाय आधी बसवलेल्या जोडीतला एक धड व्हॉल्व्ह. स्नेह्यांचा सगळा जीव जर्मन नावाच्या जोडीत होता. टेलिफुंकेनच्या स्वतःच्या कारखान्यांतल्या बहुतेक अशा व्हॉल्व्हच्या तळाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेली चौकटीची खूण असते. ही खूण छापलेली नसून साच्यातून आलेली असते, त्यामुळे बोटाला जाणवते. या जोडीच्या काचेवर नाव होते, पण तळ सपाट होता. स्नेह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे खोटे?" त्यांनी विचारले.

तसे लगेच म्हणता येत नाही. त्या काळात नामांकित कंपन्या एकमेकींकडून व्हॉल्व्ह घेऊन त्यांवर स्वतःचे नाव छापीत, आणि हा व्यवहार उघड होता. अमेरिकी व्हॉल्व्हवर म्हणूनच नावाशेजारी कारखान्याचा आकडा शोधावा लागतो: २७४ म्हणजे आरसीए, १८८ म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, ३१२ म्हणजे सिल्व्हेनिया, ३२२ म्हणजे टुंग-सोल. फिलिप्स समूहाच्या व्हॉल्व्हवर काचेच्या खालच्या कडेला करड्या रंगाच्या दोन बारीक ओळी असतात. मी दिवा तिरका धरून या जोडीची काच फिरवून पाहिली, तेव्हा एका विशिष्ट कोनात त्या ओळी उमटल्या. वरच्या ओळीत ईसीसी८३ ची खूण असलेले 'आय६' आणि पुढे आवृत्तीचा आकडा. खालच्या ओळीत त्रिकोण, मग वर्षाचा एकच आकडा, महिन्याचे अक्षर आणि आठवड्याचा आकडा. त्रिकोण म्हणजे नेदरलँड्समधला हेरलेनचा कारखाना. तिथे इंग्रजी 'बी' असता तर तो ब्लॅकबर्न, म्हणजे मलार्डचा कारखाना ठरला असता. वर्षाचा एकच आकडा असल्याने दशक त्यातून कळत नाही. त्यासाठी आवृत्तीचा आकडा, प्लेटचा (ॲनोडच्या पत्र्याचा) आकार आणि गेटरच्या कड्याची घडण एकत्र पाहावी लागते.

काचेवरचे छापील नाव ओल्या बोटानेही पुसले जाते आणि पुसता येते ते पुन्हा छापताही येते. या कोरीव ओळी बनवणे त्या मानाने अवघड आहे. म्हणून कोणी जुना व्हॉल्व्ह दाखवला की मी आधी त्याचा तळ आणि कडा पाहतो, नाव नंतर वाचतो. व्हॉल्व्ह स्वच्छ करतानाही नावाच्या आणि ओळींच्या जागी बोट लावू नये. पुढच्या माणसाला ओळख पटण्याची तेवढीच सोय असते.

दुसरी जोडी ब्रिटिश, ब्लॅकबर्नची खूण असलेली. तिसरी अमेरिकी, लांब प्लेटची. प्लेटची उंची १७ मिलिमीटरच्या आसपास. चौथी जोडी ५७५१ ची. हा ईसीसी८३ चा अधिक कणखर बांधणीचा भाऊ; त्याचे वर्धन १०० ऐवजी ७० असते आणि अंतर्गत रोध जवळपास तोच, त्यामुळे तो अनेकांना फोनोसाठी आवडतो. मलाही आवडतो. पण तो हीटरला ३०० ऐवजी ३५० मिलिअँपिअर घेतो. दोन ५७५१ आणि एक ईसीसी८२ मिळून नेमके १ अँपिअर होतात, म्हणजे रेग्युलेटर कायम मर्यादेच्या टोकावर राबणार. बंद पेटीत, तासन्‌तास, हे मला मान्य नव्हते. ही जोडी न ऐकताच बाजूला ठेवली. याच ओघात ईसीसी८८ लावून पाहू का, असेही स्नेह्यांनी विचारले. त्याचा हीटर फक्त चौथ्या आणि पाचव्या पिनेवर असतो, आणि या यंत्रात त्याच दोन पिना एकत्र जोडून नवव्या पिनेसमोर ६.३ व्होल्ट दिलेले आहेत. तो व्हॉल्व्ह इथे पेटलाच नसता. पेटला असता तरी त्याच्या ॲनोडची मर्यादा १३० व्होल्टची आहे.

मोजमाप

उरलेल्या तीन जोड्यांसाठी व्हॉल्व्ह तपासणीचे स्वतंत्र यंत्र लागले नाही. फोनो विभागात ॲनोडला १०० किलोओहम आणि कॅथोडला दीड किलोओहम आहे. अर्धा तास तापू दिल्यावर कॅथोडवरचा दाब मोजला की त्याला दीड किलोओहमने भागून प्रवाह मिळतो. निरोगी ईसीसी८३ इथे १.३ व्होल्टच्या जवळपास दाखवतो, म्हणजे ०.८७ मिलिअँपिअर, आणि ॲनोडवर १६३ व्होल्ट उरतात. हेरलेनच्या जोडीतले चारही ट्रायोड १.२७ ते १.३३ च्या आत होते. लांब प्लेटवालेही तसेच. ब्रिटिश जोडीतल्या एका व्हॉल्व्हचा पहिला ट्रायोड मात्र ०.८ व्होल्टवर थांबला, प्रवाह ०.५३ मिलिअँपिअर, ॲनोडवर १९७ व्होल्ट. त्याचे कॅथोड थकले होते.

असा थकलेला ट्रायोड नुसता वर्धन कमी करून थांबत नाही. आरआयएए दुरुस्तीत ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ अशा तीन वळणांवर संपूर्ण वक्र उभा असतो, आणि या यंत्रात त्या जाळ्याचा पहिला रोध म्हणजे पहिल्या ट्रायोडचाच आउटपुट रोध. व्हॉल्व्ह थकला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, वळणे सरकतात, आणि एका वाहिनीचा स्वरभाव दुसरीहून वेगळा होतो. ऐकणाऱ्याला ते 'डावीकडे थोडे दबलेले' एवढेच जाणवते. ती जोडी अशी मोडली याचे मला वाईट वाटले, कारण तिचा दुसरा व्हॉल्व्ह अतिशय सुरेख होता.

पुढची तपासणी दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडवरची. तिथे १ मेगओहमचा रेझिस्टर जमिनीला जोडलेला आहे आणि त्यावर डीसी दाब शून्य असायला हवा. आत वायू शिल्लक असेल किंवा गळती असेल तर तो किंचित धन दिसतो, ०.१ व्होल्ट म्हणजे ०.१ मायक्रोअँपिअरची गळती. खरखर करणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हने ०.४ व्होल्ट दाखवले. मात्र अशीच धन खूण गळक्या कपलिंग कपॅसिटरमुळेही (दोन टप्प्यांमधल्या, डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरमुळेही) येते. म्हणून व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजले. आकडा शून्यावर आला, तेव्हा कपॅसिटर निर्दोष ठरला.

शेवटी कुजबुज आणि कंप. इनपुट शॉर्ट करून आउटपुट संगणकावर नोंदवले. लांब प्लेटची जोडी सर्वांत शांत निघाली. हेरलेनची तिच्याहून साधारण २ डेसिबलने मागे. इथेच निकाल लागला असे वाटले होते. मग पेन्सिलीच्या रबरी टोकाने प्रत्येक काचेवर हलकेच टिचकी दिली. हेरलेनच्या व्हॉल्व्हमधून 'टक्' असा बुजलेला आवाज आला आणि विरला. लांब प्लेटच्या एका व्हॉल्व्हने घंटेसारखा 'टण्' केला आणि तो नाद सेकंदभर रेंगाळला. लांब रचना थोड्या धक्क्यानेही डोलते. हा प्रीअँप्लिफायर ज्या फळीवर ठेवला जातो तिच्यावरच टर्नटेबल आहे आणि स्पीकर हातभर अंतरावर. मोठ्या आवाजात तोच नाद फिरून परत व्हॉल्व्हमध्ये शिरला असता. २ डेसिबलची शांतता मी त्यापुढे सोडून दिली.

ऐकणे आणि निवड

आता ऐकण्याची पाळी आली. स्नेही पाठमोरे बसले, व्हॉल्व्ह मी बदलत होतो, आणि दर वेळी १ किलोहर्ट्झचा स्वर देऊन पातळी ०.२ डेसिबलच्या आत आणीत होतो, कारण याहून मोठा फरक राहिला तर कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतो. बदलायला दर खेपेस दहा-पंधरा मिनिटे जात, त्यामुळे ही कसोटी काटेकोर होती असा दावा मी करीत नाही. हेरलेन आणि लांब प्लेट यांतला फरक त्यांना सहा खेपांत धड सांगता आला नाही. थकलेल्या ट्रायोडची ब्रिटिश जोडी मात्र त्यांनी प्रत्येक वेळी ओळखली. मी काही न बोलता ते डावीकडे बोट दाखवीत. मला स्वतःला लांब प्लेटच्या जोडीत सतारीच्या तरफांचा नाद थोडा अधिक रेंगाळतो असे वाटले. तो रेकॉर्डमधला होता की काचेतला, हे टिचकीचा आवाज आठवल्यावर मला ठरवता आले नाही.

हेरलेनची जोडी बसवली. लांब प्लेटचे दोन्ही व्हॉल्व्ह, ते वेगळ्या आणि भक्कम फळीवर उपयोगी पडतील अशी चिठ्ठी लावून, पुन्हा कापसात गेले. ५७५१ वर हीटरचा आकडा लिहिला. ब्रिटिश जोडीतला चांगला व्हॉल्व्ह राखीव ठेवला, आणि लाइन विभागातून काढलेला तो नामांकित ईसीसी८३ मोजून पाहिला, तर तोही उत्तम निघाला. त्याला चुकीच्या सॉकेटात बसवले होते एवढेच. या दोघांचे कॅथोडचे आकडे जवळपास जुळतात, त्यामुळे फोनो विभागासाठी एक राखीव जोडी अनपेक्षितपणे तयार झाली.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर सहाही ट्रायोडचे कॅथोडचे दाब आणि तारीख लिहिली. तीन महिन्यांनी स्नेह्यांनी यंत्र पुन्हा आणले, कशाची तक्रार म्हणून नव्हे, नुसते मोजायला. फोनोचा डावा पहिला ट्रायोड १.२९ वर होता आणि उजवा १.३१ वर. ते आकडे त्यांनी पहिल्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिले.